घरच्या वर्कशॉपमध्ये हवेची लाइन टाकायची तर पाइप कोणता घ्यावा?

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत हात बसलेली माणसं नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे घरच्या घरी छोटं वर्कशॉप थाटणाऱ्यांचीही इथे कमी नाही. सिडकोतल्या रो-हाउसचं पार्किंग, बंगल्यामागची पत्र्याची शेड, सिन्नरकडे शेतातली एखादी खोली. कॉम्प्रेसर आला की सुरुवातीला नळीवरच भागतं. मग नळी पायात यायला लागते, गाडीच्या चाकाखाली सापडते, वेल्डिंगच्या ठिणगीने तिला भोक पडतं, आणि भिंतीवरून पक्की लाइन टाकायचा विचार सुरू होतो. अशा वेळी बहुतेक जण दुकानात जाऊन आधी पाइपचा भाव विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. हा पाइप उद्या फुटलाच, तर कसा फुटेल?

पुढे जे लिहिलंय ते साधारण २ ते ३ एचपीचा पट्ट्याचा पिस्टन कॉम्प्रेसर, १०० ते २०० लिटरची टाकी आणि ७ ते ८ बार दाब धरून. दुकानदार यालाच 'सात-आठ किलो' म्हणतात आणि गेजवर तो १०० ते ११५ पीएसआय दिसतो.

लाइन खरंच लागणार आहे का?

दहा बाय वीसची जागा असेल, काम एकाच टेबलावर होत असेल आणि हवा टायर भरायला, धूळ उडवायला आणि अधूनमधून इम्पॅक्ट रेंचला लागत असेल, तर पाइपच्या भानगडीत पडू नका. छताला एक होज रील टांगा, त्यावर आतून १० मिलिमीटर भोक असलेली चांगली रबरी नळी घ्या, झालं. लाइनचा खर्च दोन कारणांनी वसूल होतो. एक म्हणजे हवा दोन-तीन वेगळ्या ठिकाणी लागते. दुसरं म्हणजे स्प्रे पेंटिंग किंवा सँडब्लास्टिंगसाठी कोरडी हवा हवी असते. हे दुसरं कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. धातूचा लांब पाइप हवा थंड करतो, आणि हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी वाटेतच गळून पडतं.

पीव्हीसी आणि सीपीव्हीसी नकोच

दुकानात गेलात की कोणीतरी हमखास सांगतं, 'साहेब, हाच न्या, दहा किलो आरामात घेतो.' पाइपवर तसं छापलेलंही असतं. पण ते कशासाठी छापलंय ते बघा. पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक आयएस ४९८५ आणि सीपीव्हीसीचं आयएस १५७७८, दोन्ही पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी आहेत. पीव्हीसीवरचा दाबाचा आकडा २७ अंश तापमानाला धरलेला असतो. तापमान ४५ अंशांच्या आसपास गेलं की त्यातली जवळपास निम्मी ताकद उरते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्र्याखाली हात वर करून बघा, २७ अंश कुठेच सापडणार नाहीत. त्यात कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा मुळातच गरम.

खरा धोका मात्र ताकद कमी होण्यात नाही, फुटण्याच्या पद्धतीत आहे. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाण्याचा पाइप तडकला की दाब क्षणात उतरतो आणि नुसती धार लागते. ७ बारला दाबलेली हवा सुटताच सुमारे आठपट पसरते, शिवाय मागे अख्खी टाकी तिला ढकलत असते. पीव्हीसी ठिसूळ, तो चिरत नाही, त्याच्या ठिकऱ्या उडतात. अशा तुकड्यांनी एक कामगार जखमी झाल्यावर अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेने १९८८ साली उघड्यावरच्या हवेच्या लाइनसाठी पीव्हीसी वापरू नये, असा इशारा दिला. 'आमच्याकडे दहा वर्षं चाललाय' हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. दहा वर्षांचं ऊन आणि तेलाची वाफ खाल्लेला पीव्हीसी नव्यापेक्षा जास्त ठिसूळ असतो, एवढंच त्यावर सांगता येईल. सीपीव्हीसी उष्णता थोडी जास्त सोसतो, पण कॉम्प्रेसरच्या तेलांतले काही घटक त्याला भेगा पाडतात, आणि फुटण्याची तऱ्हा तीच.

हिरव्या पीपीआरचं काय?

इथे मी थोडा मवाळ आहे. पीपीआर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा प्लास्टिक पाइप, पीव्हीसीसारखा ठिकऱ्या होऊन उडत नाही, बहुतेक वेळा चिरतो. जोड वितळवून होतात, त्यामुळे नीट केले तर गळती जवळपास नसते, आणि प्लंबरकडे मशीन असतंच. अनेक गॅरेजमध्ये तो दिसतोही. पण तीन गोष्टी माहीत असू द्या.

पहिली, आतलं भोक. २५ मिलिमीटरचा पीएन २० (२० बारच्या दाबवर्गाचा) पीपीआर बाहेरून २५ असतो. त्याची भिंत ४.२ मिलिमीटर, म्हणजे आत उरतात १६.६. याउलट जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा '२० एमएम' हा नावाचा आकार आहे, आतून तो साडेएकवीसच्या पुढे असतो. म्हणजे पंचवीसचा पीपीआर विसाच्या जीआयपेक्षा अरुंद. त्यात जोड वितळवताना जास्त दाबला की आत कडं तयार होतं आणि वाट आणखी आवळते.

दुसरी, प्रसरण. पीपीआर दर मीटरला, दर अंशाला ०.१५ मिलिमीटर वाढतो. सहा मीटरच्या लाइनला पहाटे आणि दुपारी ३० अंशांचा फरक मिळाला की ती २७ मिलिमीटर लांब होते. तेवढ्यालाच जीआय जेमतेम दोन मिलिमीटर वाढतो. ही वाढ क्लॅम्पच्या मधल्या भागात झोळ होऊन बसते, आणि त्या झोळात पाणी साचतं. मुद्दाम दिलेला उतार पहिल्या उन्हाळ्यातच गेला.

तिसरी गोष्ट कागदाची. पीपीआरचं मानक आयएस १५८०१ हेही गरम-थंड पाण्यासाठीच आहे. काही कंपन्या हवेच्या लाइनसाठी वेगळे पॉलिप्रॉपिलीन पाइप विकतात. त्यांच्या माहितीपत्रकात 'कॉम्प्रेस्ड एअर' हा शब्द, दाब आणि तापमान तिन्ही छापील दिसलं तरच घ्या, तेही सावलीत आणि कॉम्प्रेसरपासून पहिले तीन-चार मीटर धातूचा पाइप टाकून मगच.

जीआय: जुना आणि भरवशाचा

स्वतःचं घर आहे, लाइन एकदा टाकली की हलवायची नाही, आणि आटे पाडून देणारं दुकान जवळ आहे, तर २० मिलिमीटरचा मीडियम क्लास जीआय पाइप ही माझी पहिली पसंती. आयएस १२३९ प्रमाणे लाइट क्लासवर पिवळा पट्टा असतो, मीडियमवर निळा आणि हेवीवर लाल. निळा घ्या. लाइटची भिंत पातळ असते, आणि आटे पाडताना त्यातलीच जाडी कापली जाते. लाल पट्ट्याची घरी गरज नाही, नुसतं वजन वाढतं.

जीआय फुटत नाही, आगीला आणि ठिणगीला घाबरत नाही, वरून पाना पडला तरी पोचा येऊन थांबतो. दोष दोन आहेत. कालांतराने आतून जस्ताचे पापुद्रे आणि गंज सुटतो, म्हणून प्रत्येक पॉइंटला फिल्टर हवाच. गाडीला रंग मारणं हाच तुमचा मुख्य उद्योग असेल, तर जीआय सोडून पुढचे पर्याय बघा. दुसरा दोष म्हणजे प्रत्येक आट्याचा जोड हा गळतीला दिलेलं आमंत्रण.

या जोडांवर उभं राहून लक्ष ठेवा. पाइप कापल्यावर आत उभी राहिलेली धार रीमरने किंवा गोल कानशीने काढली पाहिजे, नाहीतर तीच वाट अडवते. आट्यांवरचं कटिंग ऑइल आणि किस पुसून काढायचा. टेफ्लॉन टेप पाइपच्या तोंडाकडून बघत घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची आणि पहिला आटा उघडा ठेवायचा, म्हणजे टेपचे तुकडे तुटून आत जात नाहीत. ते तुकडे थेट रेग्युलेटरमध्ये, म्हणजे दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात, जाऊन अडकतात. आणि सर्वांत महत्त्वाचं: एल्बो घट्ट करताना पाहिजे त्यापेक्षा थोडा पुढे फिरला, तर प्लंबर त्याला सरळ करायला पाव फेरा उलटा फिरवतो. पाण्याच्या लाइनला ते खपून जातं. हवेच्या लाइनला तो जोड गळणारच. उलटा फिरवला तर पूर्ण खोला, टेप बदला, पुन्हा बसवा. टेपऐवजी अॅनारोबिक थ्रेड सीलंट वापरलं तर काम जास्त छान होतं, फक्त आटे तेलकट नकोत आणि सीलंटला सुकायला वेळ द्यावा लागतो. दर सहा मीटरला आणि प्रत्येक व्हॉल्व्हजवळ एक युनियन (पाइप न फिरवता मधेच खोलता येणारा जोड) टाका. नाहीतर पुढे एक टी वाढवायला अख्खी लाइन खोलावी लागते.

एक बारीक गोष्ट: आपल्याकडचे आटे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. ऑनलाइन मागवलेल्या एखाद्या अमेरिकन बनावटीच्या टूलवर एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे आटे असू शकतात. अर्ध्या इंचात दोन्हींचे आटे इंचाला १४ च असल्याने ते एकमेकांत शिरतात, पण कोन ५५ आणि ६० अंश असा वेगळा असल्याने जोड कधीच नीट बसत नाही. पाव इंचात तर १९ आणि १८ असा आट्यांचाच फरक. अडॅप्टर घ्या, जोर लावू नका.

तांबं, कंपोझिट, अॅल्युमिनियम

तांबं हे हवेसाठी उत्तमच. गंज नाही, आतून गुळगुळीत, आणि हवा पटकन थंड करतं. इथे एक आडवाट आहे: एसीच्या कामाचा तांब्याचा पाइप. आजच्या घरगुती एसीत गॅसचा दाब उन्हाळ्यात २५ बारच्या वर असतो, त्यामुळे ७-८ बार म्हणजे त्याला काहीच नाही. पाच-अष्टमांश इंचाचा पाइप आणि ब्रेझिंग (जास्त तापमानाला केलेला पक्का झाळ) करणारा चांगला एसी मेकॅनिक मिळाला, तर छोट्या शेडची लाइन एका दिवसात होते. जोड मऊ सोल्डरने नको, ब्रेझिंगनेच करून घ्या. अडचण एकच, तांब्याचा भाव. आणि हो, उघड्या शेडमधलं तांबं चोरीला जातं.

कंपोझिट म्हणजे प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनियमचा थर. यावरचे आकडे आतलं आणि बाहेरचं माप सांगतात: १२१६ म्हणजे आत १२, बाहेर १६, १६२० म्हणजे आत १६, बाहेर २०. हाताने वाकतो, दिलेला आकार धरून ठेवतो, भेंडोळ्यात मिळतो म्हणून मधे जोड कमी. घरासाठी १६२० घ्या. हवेसाठी चालेल असं उत्पादकाने लिहिलेलं हवं आणि पितळी फिटिंग चांगल्या दर्जाची हवीत. उघड्या उन्हात टाकू नका.

अॅल्युमिनियमची निळी मॉड्युलर लाइन तुम्ही कंपनीत पाहिलीच असेल. कटरने कापा, कड साफ करा, फिटिंगमध्ये ढकला. आटे नाहीत, गंज नाही, हलकी, आणि एक माणूस अर्ध्या दिवसात लावतो. महाग असते, आणि पाइपपेक्षा फिटिंगचाच खर्च जास्त लागतो. पण भाड्याच्या गाळ्यात असाल तर मी हीच सुचवेन. गाळा सोडताना सगळी लाइन खोलून सोबत नेता येते. जीआय मात्र तिथेच भंगाराच्या भावात सोडून यावा लागतो.

पॉलियुरेथेनच्या (पीयू) ८-१० मिलिमीटर नळ्या आणि पुश-फिट फिटिंग मशीनच्या आत, सिलिंडरपर्यंत छान. मुख्य लाइन म्हणून नको.

माप: आकडेमोड एकदा करून बघा

कॉम्प्रेसरच्या पाटीवर बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन हिशेबाने जेवढी हवा ओढतो तो आकडा, लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष मिळणारी हवा, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, त्याहून कमी असते. दर एचपीला ३ ते ४ सीएफएम (मिनिटाला घनफूट) धरा. २ एचपीचे झाले ८ सीएफएम. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून इथला कॉम्प्रेसर मुंबईच्या तुलनेत पाच-सहा टक्के विरळ हवा ओढतो. घरच्या कामात ते जाणवणार नाही, पण हिशेब काठावरचा असेल तर लक्षात असू द्या.

८ सीएफएम म्हणजे मिनिटाला २२६ लिटर मोकळी हवा. ७ बारला ती आठ पटींनी दबून साधारण २८ लिटर होते. २० मिलिमीटरच्या जीआयमधून ती सेकंदाला सव्वा मीटरने जाते. मुख्य लाइनमध्ये ६ मीटर प्रति सेकंदापर्यंत वेग चालतो, म्हणजे विसाचा पाइप ऐसपैस झाला. टाकीतल्या साठ्यावर एअर ग्राइंडर काही क्षण १५ सीएफएम ओढतो, तेव्हाही तो पुरतो. मग एक इंची लाइन कशाला? १० एचपीचा कॉम्प्रेसर आणि तीस मीटर लांबी असेल तर ठीक, घरी नको.

आता तीच हवा आतून ५ मिलिमीटरच्या पीयू नळीतून सोडा. वेग जातो सेकंदाला २४ मीटरवर. टूलला दाब मिळत नाही अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुधा इथेच असतो, शेवटच्या तीन मीटरच्या बारीक नळीत आणि स्वस्त कपलरच्या चिमुकल्या भोकात. टूल पूर्ण चालू असताना टूलच्या तोंडाशी गेज लावून बघा. टाकीपेक्षा अर्ध्या बारहून जास्त फरक दिसला, तर पाइप बदलण्याआधी नळी आणि कपलर बदला.

पाणी: पावसाळ्याचा हिशेब

जुलैत हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की एका घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी असतं. ८ सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला साडेतेरा घनमीटर हवा ओढतो, म्हणजे २८५ ग्रॅमच्या आसपास पाणी आत घेतो. दाबलेली हवा ३० अंशांपर्यंत निवली की त्यातलं पन्नासेक ग्रॅमच वाफ म्हणून टिकतं. बाकीचं, पाव लिटरला थोडं कमी, टाकीत आणि पाइपात द्रव होऊन पडतं. कॉम्प्रेसर सलग चालत असेल तर टाकीतली हवा गरमच राहते आणि बरंचसं पाणी पुढे पाइपात जाऊन गळतं. निफाडकडची डिसेंबरातली थंड कोरडी हवा असेल तर हाच आकडा निम्म्याहून खाली येतो. म्हणून लाइनची परीक्षा जुलैत होते. डिसेंबरात टाकलेली लाइन कोरडी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

हे पाणी कुठे जाईल ते तुम्ही ठरवायचं. मुख्य लाइनला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, हवा ज्या दिशेने वाहते त्याच दिशेला. सुतळीने किंवा पाण्याच्या लेव्हल ट्यूबने आधी भिंतीवर रेघ मारा, मगच क्लॅम्प ठोका. जीआयला क्लॅम्प दोन-अडीच मीटरवर पुरतात, कंपोझिट आणि पीपीआरला ते बरेच जवळ लागतात.

प्रत्येक पॉइंटसाठीची फांदी मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने काढा: टीचं तोंड वर, तिथून दोन एल्बोंनी वळसा घेऊन पाइप खाली. पाणी तळाशी वाहत पुढे जातं आणि फांदीत फक्त हवा शिरते. खाली आलेला पाइप पॉइंटपाशी संपवू नका. कमरेच्या उंचीवर टी टाकून हवा बाजूने घ्या आणि पाइप आणखी फूटभर खाली नेऊन तिथे बॉल व्हॉल्व्ह लावा. ते फूटभर शेपूट म्हणजे पाण्याचा सापळा. टीचे आणि एल्बोचे जास्तीचे पैसे वाचवायला लोक नेमकं हेच वगळतात, आणि मग महागडा फिल्टर लावूनही स्प्रे गनमधून थेंब येतात.

फिल्टर-रेग्युलेटर टाकीजवळ लावू नका, पॉइंटजवळ लावा. टाकीपाशी हवा गरम असते, पाणी वाफेत असतं आणि फिल्टर वाफ पकडत नाही. मधे सहा-आठ मीटर धातूचा पाइप मिळाला की फिल्टर आपलं काम करतो. शेड लहान असेल तर भिंतीवरच वर-खाली वर-खाली असे तीन-चार उभे पाइप जोडून तेवढी लांबी काढता येते, प्रत्येक खालच्या वळणाला ड्रेन ठेवून. लुब्रिकेटर (हवेत तेल सोडणारा भाग) फक्त इम्पॅक्ट रेंच-ग्राइंडरच्या फांदीवर. पेंटिंगच्या फांदीला तेल चुकूनही नको, आणि एकदा तेल गेलेली नळी पेंटिंगला पुन्हा वापरू नका.

जोडणीचा क्रम

टाकीच्या तोंडावर बॉल व्हॉल्व्ह. त्यानंतर अर्धा-पाऊण मीटर लवचिक नळी, कॉम्प्रेसरच्या दाबाला आणि उष्णतेला सोसणारी, वायर ब्रेडेड. कॉम्प्रेसर थरथरतो, आणि कडक पाइप थेट जोडला की काही महिन्यांत पहिला आटा तडकतो. मग भिंतीवर चढणारा पाइप, त्याच्या पायथ्याला ड्रेन, आणि वर उताराची मुख्य लाइन. शेवटी तोंड बंद करताना प्लगऐवजी खाली वळवून आणखी एक ड्रेन व्हॉल्व्ह द्या. फांद्या आखताना एखादी जास्तीची टी प्लग लावून सोडून ठेवा. दोन वर्षांत तिचा उपयोग होतोच.

टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, त्याच्यापुढे कुठलाही कॉक टाकायचा नाही.

चाचणी

जास्त दाबाची चाचणी हवेने करू नका. लाइन पाण्याने पूर्ण भरा, हवा बाहेर काढा आणि प्लंबरच्या हातपंपाने दीडपट दाब, म्हणजे १२ बार द्या. फिल्टर, रेग्युलेटर आणि गेज यावेळी काढून ठेवा. कुठे फुटलंच तर नुसतं पाणी सांडेल. मग सगळे ड्रेन उघडून पाणी सोडा आणि हवेने लाइन फुंकून काढा.

त्यानंतर हवा, पण पायऱ्या-पायऱ्यांनी. आधी दोन बार, प्रत्येक जोडावर भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे दिसले तर दाब शून्यावर आणूनच पाना लावा, दाबाखाली कधीच नाही. मग चार, मग आठ.

शेवटी टाकीसकट मोजा. दाब ८ बारवर न्या, कॉम्प्रेसर बंद करा, सगळी टूल काढा आणि गेज ७ वर यायला किती मिनिटं लागतात ते बघा. टाकीच्या लिटरना त्या मिनिटांनी भागलं की गळती मिळते: १६० लिटरची टाकी अर्ध्या तासात एक बार उतरली तर मिनिटाला पाच-सव्वापाच लिटर. घरच्या लाइनला एवढं चालतं. दहा मिनिटांत उतरली तर शोधायला लागा. टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा बघा. तरीही टाकीचा गेज उतरत असेल तर दोष पाइपचा नाही, टाकीच्या ड्रेनचा किंवा कॉम्प्रेसरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. ७ बारला एक मिलिमीटरचं एकच भोक सुमारे अडीच सीएफएम हवा सोडतं, म्हणजे तुमच्या २ एचपीतला जवळपास तिसरा हिस्सा, म्हणून शोधायचा कंटाळा करू नका.

ही मोजणी झाली की मिनिटांचा आकडा तारखेसह कॉम्प्रेसरशेजारी भिंतीवर खडूने नाही, मार्करने लिहून ठेवा. पावसाळा संपल्यावर तीच चाचणी पुन्हा करा. काम संपल्यावर टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बंद करायचा आणि टाकीचा ड्रेन उघडून पाणी सोडायचं, जून ते सप्टेंबर रोज.